डोळ्यांत तेल घालून

आपल्यापैकी अनेक जण दिवसभराची नोकरी आणि घरकाम आटोपून रात्री पुस्तक उघडत असतील. एकच ओळ तीनदा वाचूनही अर्थ मनात उतरत नाही, हा अनुभव आपणांस नवा नाही. अशा वेळी आपण पुस्तक मिटतो; ती ओळ उद्या वाचता येते. पहाटे चार वाजता परिचारिकेच्या हातात मात्र इंजेक्शनची कुपी असते. तिच्यावरील ओळ त्याच क्षणी आणि अचूक वाचावी लागते.

परिचारिकांचा गौरव करताना ‘डोळ्यांत तेल घालून’ हा वाक्प्रचार हमखास वापरला जातो. जागरणाला आपल्याकडे पुण्याईची जोड आहे. खंडोबाचे जागरण असो वा कोजागरी, ती रात्र आपण आनंदाने जागवतो. पण ती एकच रात्र असते. रात्रपाळी पुनःपुन्हा येते. माझे मत असे की, सेवाव्रताच्या या स्तुतीमुळेच परिचारिकेचा थकवा आपल्या दृष्टीआड होतो. व्रतस्थ माणसाने थकल्याची तक्रार करावयाची नसते, असे आपण गृहीत धरतो.

शरीर मात्र स्तुतीने फसत नाही. मेंदूतील जैविक घड्याळ उजेड-अंधारावर चालते. अंधार पडला की झोपेस अनुकूल असे मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, सकाळच्या उजेडात ते ओसरते. त्यामुळे रात्रभर जागून सकाळी घरी आलेल्या स्त्रीला लागणारी झोप तुटक आणि अपुरी असते. त्यात मुलांची शाळा, स्वयंपाक आणि दाराची घंटा यांचा व्यत्यय असतोच.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले की, सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची कार्यक्षमता रक्तात 0.05 टक्के मद्य असताना होते तितकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्यानुसार 0.03 टक्क्यांहून अधिक मद्य रक्तात असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. आता हिशेब करा. अनेक रुग्णालयांत रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची असते. सकाळी सातला उठलेल्या आणि दुपारी डोळा न लागलेल्या परिचारिकेचे 17 तास मध्यरात्रीच भरतात. पाळीचे आठ तास अजून उरलेले असतात. पुढच्या पाळीला ‘ओव्हर’ देऊन, नोंदी पुऱ्या करून निघेपर्यंत बारा तासांचे तेरा होतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या 2004 सालच्या एका अभ्यासात साडेबारा तास वा त्याहून लांब पाळीत चुकीची शक्यता तिपटीने वाढलेली आढळली.

यावर ठरलेले उत्तर येते : मनुष्यबळ नाही. ही अडचण खरी आहे. काही परिचारिका स्वतःच लांब पाळी पसंत करतात, कारण त्यामुळे सुटीचे दिवस वाढतात, हेही खरे. परंतु पदे रिक्त ठेवून उरलेल्यांच्या झोपेतून ती तूट भरून काढणे याला काटकसर म्हणता येणार नाही. ती उधारी आहे, आणि तिची फेड कधी परिचारिकेच्या प्रकृतीने, तर कधी रुग्णाच्या जिवाने होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1977 सालीच परिचारिकांसाठी दोन पाळ्यांमध्ये किमान 12 तासांच्या सलग विश्रांतीची शिफारस केली. ती पाळणे, रात्रपाळीत अर्ध्या तासाची अधिकृत विश्रांती देणे, पहाटेची जोखमीची औषधे दोघींनी मिळून तपासणे आणि मुख्य म्हणजे रिक्त पदे भरणे, हे सारे शक्य कोटीतले आहे.

आपण उद्या रुग्णाचे नातेवाईक म्हणून वॉर्डात उभे राहाल. सिस्टरच्या आवाजात त्रासिकपणा जाणवला, तर तिच्या स्वभावाविषयी मत बनविण्यापूर्वी ती किती तास जागी आहे याचा विचार करा. आणि तिचा सत्कार करण्याची संधी मिळाली, तर शालीबरोबर तिच्या झोपेची मागणीही व्यासपीठावरून मांडा. डोळ्यांतले तेल कधीतरी संपतेच. ते पुन्हा भरण्याची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकता येणार नाही.