बचत कुणाच्या कष्टाची, सहल कुणाच्या सुट्टीची?

काटकसर करायची ती बाईनं आणि तिचा हिशेब सांगायचा तो पुरुषानं, अशी आपल्या घरांमधली जुनी वाटणी आहे. गेल्या उन्हाळ्यात पलूसमधल्या पालकांच्या एका मेळाव्यात ही वाटणी मला अगदी स्वच्छ दिसली. दोन मुलांचे वडील, कारखान्यात नोकरी करणारे, 'घरखर्चातली बचत आणि वर्षाला एक कौटुंबिक सहल' या विषयावर बोलत होते. वर्षाचं धान्य सुगीतच भरून ठेवावं. चटणी, पापड, कुरडया, शेवया घरीच कराव्यात. बाहेरचं खाणं बंद ठेवावं. कपडे इस्त्रीला देऊ नयेत. शिकवणीला पैसे घालण्यापेक्षा आईनं रोज तासभर मुलांना घेऊन बसावं. रोजचा खर्च वहीत लिहावा. असे वाचलेले पैसे दरमहा पतसंस्थेत टाकले की मे महिन्यात गणपतीपुळे किंवा गोवा सहज होतो. तिथेही लॉजवर जेवू नये. छोटी शेगडी आणि शिधा बरोबर न्यावा, म्हणजे चौघांची सहल निम्म्या खर्चात होते. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. बायकांनीही वाजवल्या.

या गृहस्थांची टर उडवायला मी हे लिहीत नाही. दारू न पिणारा, पगार घरी आणून देणारा, मुलांना समुद्र दाखवावा असं वाटणारा बाप आपल्याला हवाच आहे. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी असा नवरा मिळाला असता तर आल्याच नसत्या. आणि बचत ही आपल्या भागात चैनीची गोष्ट नाही. उसाचं बिल तुकड्यातुकड्यानं येतं. द्राक्षाच्या बागेवर एका अवकाळी पावसात वर्षाची कमाई जाते. २०१९ च्या महापुरात भिलवडी, ब्रह्मनाळसारख्या कृष्णाकाठच्या गावांमध्ये घरं पाण्याखाली गेली, तेव्हा दोन पैसे गाठीला असणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. प्रश्न बचत करावी की नाही हा नाहीच. बचत कशातून होते, ती कुणाच्या नावावर जमते आणि शेवटी तिचा उपभोग कोण घेतं, हा आहे.

त्या यादीतली एकेक सूचना पुन्हा वाचून पाहा. पापड घरी करायचे, म्हणजे कुणी? इस्त्री, शिकवणी, निवडण-टिपण कुणी? जिथे जिथे पैसे वाचले, तिथे तिथे बाईचे तास खर्च झाले आहेत. वहीत रुपयांचा रकाना आहे, तासांचा नाही. म्हणून ती सगळी 'बचत' दिसते. मे महिना हा मुलांच्या सुट्टीचा महिना, पण आईसाठी तो वाळवणाचा. पहाटे उठून चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या, दुपारी मिरच्यांची देठं काढायची, आणि याच दिवसांत घरी पाहुणे. यातली कला आणि चार जणींनी मिळून काम करण्यातली गंमत मी नाकारत नाही. पण ती कामाच्या जोडीनं येते, कामाऐवजी नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोल घरकामात जातात, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं या आकड्यात धरलेलंच नाही. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. या पाच तासांत आणखी भर घालणाऱ्या सूचनेला 'युक्ती' म्हणायचं का?

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं बघू. एखादा बचत गट खानावळ चालवतो. तिथे भाकरी थापणाऱ्या बाईला मजुरी मिळते. तीच बाई, तीच भाकरी, तेच पीठ. घरच्या तव्यावर ती फुकट होते. 'बाहेर खाणं म्हणजे उधळपट्टी' हे वाक्य खरं वाटतं, कारण घरच्या भाकरीच्या किमतीत आपण फक्त पीठ आणि गॅस धरतो. बाहेर रोज जेवायला जा, असं मी सांगत नाही. घरच्या भाकरीतही मजुरी आहे, एवढं तरी वहीत लिहा, असं म्हणते आहे.

आता सहल. शेगडी आणि शिधा बरोबर घेतला की पैसे वाचतात, हे खरंच आहे. पण त्याबरोबर स्वयंपाकघरही सहलीला येतं. बाप आणि मुलं सकाळी समुद्रावर, आई लॉजच्या खोलीत पोह्यांना फोडणी देते. दुपारी सगळे दमून झोपतात तेव्हा ती भांडी घासते. निघायच्या आदल्या रात्री दशम्या आणि धपाटी करणारी तीच, परत आल्यावर चार दिवसांच्या कपड्यांचा ढीग उपसणारी तीच. सहल चौघांची, सुट्टी तिघांची. फोटोत मात्र चौघं असतात.

आपल्याकडे बाईची सुट्टी म्हणजे माहेर. लेकीला माहेरी चार दिवस आराम मिळतो, हे गोड आहे. पण तो आराम भावजय देते, आणि भावजयीला तो तिच्या माहेरी तिसरीच कुणी देते. एकीची सुट्टी दुसरीच्या पाठीवरून. पुरुषांनी भाकरी केली आणि लेक-सून दोघी बसल्या, असं माहेरपण अजून व्हायचं आहे.

वहीबद्दल थोडं बोलायला हवं. पलूसला लागूनच असलेल्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. बाईच्या संसाराची छापील पानावर चर्चा होणं इथल्या मातीला नवं नाही. आज बाई स्वतः वही लिहू शकते. तरी बहुतेक घरांत ती लिहिते ती नवऱ्याला दाखवायला. मिरची-कोथिंबिरीपर्यंत जाब द्यायचा तो तिनं. त्याचं पेट्रोल, ढाब्यावरची पार्टी, मित्राला दिलेले हातउसने पैसे त्या वहीत येत नाहीत. एकाच बाजूचा खर्च लिहिलेली वही म्हणजे हिशेब नव्हे, ती पहारा ठेवायची पद्धत झाली. घरखर्चाला पैसे न देणं, बाईच्या हक्काच्या पैशांपासून किंवा वस्तूंपासून तिला तोडणं, याला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं आर्थिक छळ म्हटलं आहे, हे गटागटांत पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

म्हणून तर बायकांची खरी बचत वहीत नसते. ती डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत असते. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घरोघरचे डबे एकदम उघडे पडले. कुणी लेकीच्या शिक्षणाला ठेवले होते, कुणी आपल्या आजारपणाला, कुणी नवऱ्यानं हात उगारला तर एसटीच्या तिकिटाला. घरात त्याची चेष्टा झाली, 'काळा पैसा' म्हणून विनोद झाले. पुढे २०२१ साली आग्र्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानं गृहिणींनी त्या काळात बँकेत भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम संशयाची मानू नये असा निकाल दिला. घरखर्चातून बाई बचत करते हे न्यायाधिकरणाला पटलं. घराला अजून पटायचं आहे. बाई लपवून ठेवते ते लबाडीनं नाही. उघड ठेवलेलं तिचं राहत नाही, हे ती अनुभवानं शिकलेली असते.

हे सगळं किती जिवावर बेततं, ते आमच्या केंद्रातल्या एका ताईवरून सांगते. तिनं अशीच काटकसर सतरा वर्षं केली. एक म्हैस, शिवणयंत्र, भिशी, सणाला नवी साडी नाही. दोन खोल्यांचं पक्कं घर उभं राहिलं. घर नवऱ्याच्या नावावर, पतसंस्थेचं खातं नवऱ्याच्या नावावर, कर्जाला जामीन म्हणून गहाण पडलेले दागिने मात्र तिचे. नवऱ्यानं दुसरा घरोबा केला आणि तिला निघ म्हणाला. २००५ च्या कायद्यानं तिला त्या घरात राहायचा हक्क आहे, तो आम्ही मिळवायच्या मागे आहोत. स्त्रीधन तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलं आहे. पण 'या घरात माझा पैसा आहे' हे दाखवायला तिच्या हातात चिठ्ठीचा कपटाही नाही. सतरा वर्षांची बचत झाली, आणि ती बचत करणाऱ्या बाईची झाली नाही.

इथे मला त्या गोव्याच्या सहलीची आठवण होते. आपण गोव्याला जातो, समुद्र बघून, काजू घेऊन परत येतो. तिथला कायदा बघत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या दिवाणी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि निम्मा हिस्सा बायकोचा असतो. घर विकायचं तर तिची सही लागते. तो कायदा आदर्श आहे असं नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार त्यानं नवऱ्याच्याच हाती दिला. पण संसारात जमलेलं दोघांचं, हे तत्त्व तिथे कागदावर आहे. आंबोलीचा घाट चढून अलीकडे आलं की ते संपतं. घटस्फोटाच्या वेळी वैवाहिक मालमत्तेत बायकोला वाटा द्यायची तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभेत ते कधी पार पडलंच नाही. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मात्र परदेशी नोकरी करणाऱ्या एका नवऱ्याच्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत बायकोला समान वाटा दिला. तिनं घर सांभाळलं म्हणून तो कमवू शकला, असं न्यायालयाचं म्हणणं. महाराष्ट्रातल्या न्यायालयांना तो निकाल बांधील नाही, पण वकिलापुढे ठेवायला तो आपल्या हाती आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, नवऱ्यांनी बायकोबरोबर संयुक्त खातं ठेवावं, एटीएम कार्ड तिच्या हाती द्यावं, असं निकालपत्रात म्हटलं.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपण बचतीच्या युक्त्या आपल्या बाजूनं लिहायला हव्यात. चार सुचवते, गटांनी भर घालावी.

एक, वही दोघांची. त्याचाही खर्च त्यात, तिचाही; आणि शेवटी एक रकाना तासांचा. शिवणाचे, दुधाचे, भिशीचे पैसे कुठे गेले ते तिनं स्वतःच्या हातानं, तारीख घालून लिहावं. उद्या कोर्टात जायची वेळ आलीच तर बोलायला काहीतरी असेल.

दोन, बचत दोघांच्या नावावर. पतसंस्थेचं खातं, गावठाणातल्या घराचा नमुना आठ, शेताचा सातबारा. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. ते पुरुष आपल्याच महाराष्ट्रातले होते. आणि २०२४ साली सुरू झालेल्या 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार घरखर्चात न धरता तिच्याच खात्यावर राहू द्यावेत. ते आले म्हणून किराण्याचे पैसे कमी देणारे नवरे आम्ही पाहतो आहोत.

तीन, सहलीला चूल न्यायची नाही. पैसे कमी असतील तर चार दिवसांची सहल दोन दिवसांची करा, लांबच्याऐवजी जवळची करा. कोकण नाही तर पन्हाळा. काटकसर दिवसांत करावी, आईच्या सुट्टीत नाही. आणि कुठे जायचं हे एका वर्षी तिनं ठरवावं.

चार, बाईनं बाईबरोबरही जावं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या गटातल्या बायका लेकीकडे, दवाखान्यात, देवाला एकेकट्या जाऊ लागल्या. काहींच्या घरी लगेच सूचना आली, 'आता तूच जाऊन ये, तुला स्वस्त पडतं', आणि बाजारहाटाची फेरीही तिच्याच गळ्यात पडली. सवलत बाईची, बचत घराची, काम पुन्हा बाईचं! हे ओळखायला शिकू या. वाचलेलं निम्मं तिकीट तिचं आहे. ते बाजूला ठेवून वर्षातून एकदा गटाची सहल काढता येते. आमच्या पंधरा जणी अशाच कोल्हापूरला गेल्या. डबा कुणीही न्यायचा नाही, एवढाच नियम होता. खानावळीत ताटं समोर आली तेव्हा साठीच्या एक काकू म्हणाल्या, "वाढून आलेलं ताट बाळंतपणानंतर आज बघतेय." सगळ्या हसल्या, मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक कागद घेऊन या. घराचा उतारा, पासबुक, एलआयसीची पावती, काहीही. त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचू. नवऱ्यांनाही बोलवू, कारण ऐकून बदलणारे पुष्कळ आहेत. ज्या कागदावर एकच नाव निघेल, त्याचं काय करायचं ते तिथेच बसून ठरवू.