'जरी-तरी'ची शिक्षा

प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपली इंग्रजीची उत्तरपत्रिका आम्हांला आणून दाखवली. आम्ही पडलो मराठीचे अध्यापक. त्या उत्तरपत्रिकेशी आमचा अधिकृत संबंध काहीच नव्हता. तिची तक्रार गुणांविषयीही नव्हती. 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' या वाक्यातल्या 'बट'वर लाल काट होती आणि समासात शेरा होता : 'मराठीतून विचार करणे सोडा.' काट बरोबर होती. शेरा मात्र सपशेल चुकीचा होता, आणि आमचे भांडण त्या शेऱ्याशी आहे.

चूक नेमकी कोणती? 'बट' हे अव्यय दोन समान दर्जाची उपवाक्ये जोडते. दोन्ही स्वतंत्र, दोन्ही प्रधान. 'ऑल्दो' ज्या उपवाक्याच्या आरंभी येते ते गौण होते, दुसऱ्याच्या आश्रयाला जाते. एकाच उपवाक्याला एकाच वेळी गौणही करायचे आणि बरोबरीनेही बसवायचे, हे इंग्रजीला चालत नाही. एवढेच सांगायचे होते. ते न सांगता मराठीवर खापर फोडण्यात आले. वस्तुतः ती मुलगी खरोखर मराठीतून विचार करती, तर ही चूक झालीच नसती. 'जरी तो गरीब आहे, पण तो प्रामाणिक आहे' हे वाक्य मराठी कानाला खटकते. 'जरी'ला जोड 'तरी'ची. आपल्या शालेय व्याकरणातही 'पण' प्रधानत्वसूचक अव्ययांत आणि 'जरी-तरी' गौणत्वसूचक अव्ययांत, असे दोन वेगळे कप्पे आहेत. भेद तोच आहे; तो तिला मराठीच्या तासाला शिकवला गेला होता आणि इंग्रजीच्या तासाला त्याची कोणी आठवण करून दिली नाही. 'तरी म्हणजे बट' हे समीकरण तिला मराठीने नव्हे, शब्दार्थांच्या याद्यांनी दिले. 'तरी'चा खरा भाऊबंद 'यट' किंवा 'स्टिल'. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये 'दो' आणि 'यट' ही जोडी वारंवार भेटते, आणि तिला कोणी मराठीचा संसर्ग म्हणत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक व्याख्या आहे. जिचा अर्थ पूर्ण ती इंडिपेंडंट क्लॉज, जिचा अपूर्ण ती सबॉर्डिनेट, असे मार्गदर्शिकांपासून शिकवणी वर्गांपर्यंत सर्वत्र घोकून घेतले जाते. ही व्याख्या पहिल्याच कसोटीला उतरत नाही. 'द ट्रूथ इज दॅट वी लॉस्ट' यातून गौण भाग काढा. उरते 'द ट्रूथ इज'. यात कोणता पूर्ण अर्थ आहे? 'व्हॉट ही सेड वॉज फॉल्स' यातून काढा; उरते 'वॉज फॉल्स', म्हणजे कर्ताच गेला. उलट 'वी लॉस्ट' एकटे उभे राहते, पण त्याच्यामागे 'दॅट' लागले की गौण ठरते. अर्थात तसूभरही फरक न पडता. तेव्हा निकष अर्थाचा नसून रचनेचा आहे. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने अशा अर्थाधिष्ठित व्याख्या बाजूला सारल्या आणि 'ऑल्दो', 'बिकॉज' यांना तर शब्दयोगी वर्गात नेऊन बसवले. ते वर्गीकरण सर्वांनी स्वीकारावे असा आमचा आग्रह नाही. पण आमच्याकडे त्या वादाची झुळूकही पोहोचू नये?

येथे मराठीची एक खोड ध्यानात घ्यावी लागते. 'तो जे बोलला, ते खोटे होते.' यात 'ते' आहे म्हणून 'ते खोटे होते' हे प्रधान वाक्य स्वतःच्या पायावर उभे आहे. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जर-तर, जिथे-तिथे : मराठी प्रधान वाक्यात गौणासाठी बहुधा एक जागा राखून ठेवते. इंग्रजी ठेवत नाही. तेथे गौण उपवाक्य स्वतःच त्या जागेवर जाऊन बसते. म्हणूनच आमची मुले 'व्हॉट ही सेड, दॅट वॉज फॉल्स' असे लिहितात. 'पूर्ण अर्था'ची व्याख्या त्यांना मराठीच्या अनुभवाने थोडीफार पटते आणि इंग्रजीत गेल्यावर नेमकी तीच दगा देते.

आणि 'कारण'? शालेय पुस्तकांनी त्याला गौणत्वसूचक ठरवून टाकले आहे. आम्हांला हे इंग्रजी साच्यावरून बेतलेले वाटते. 'पाऊस पडल्यामुळे सामना रद्द झाला' म्हणता येते; 'कारण पाऊस पडला, सामना रद्द झाला' असे कोण म्हणतो? 'कारण'चे वाक्य नंतरच येते आणि पूर्णविरामानंतरही निवांत येते. त्याची चाल 'बिकॉज'ची नव्हे, 'फॉर'ची आहे. म्हणून मुले 'बिकॉज'ने सुरू केलेले अर्धे वाक्य पूर्णविराम देऊन मोकळे सोडतात आणि लाल रेघ खातात. 'पडल्यामुळे' हे 'बिकॉज'च्या अधिक जवळचे. पण तेथे मराठीत वेगळे उपवाक्य दिसतच नाही, धातुसाधितानेच काम भागते. दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चे. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी अशी साधी अदलाबदलीची कसोटीदेखील शाळेच्या पुस्तकात येऊ नये, याची लाज प्रथम आम्हां मराठीवाल्यांना वाटायला हवी.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यानंतर शाळेत गेलेली मुले आज आमच्यासमोर बसतात आणि 'ऑल्दो'पुढे 'बट' लिहितात. वर्षे वाढवल्याने दोन भाषांमधला हा सांधा आपोआप कळत नाही. तो कोणीतरी दाखवावा लागतो, आणि दाखवायला दोन्ही भाषा याव्या लागतात. 'इंग्रजीत विचार करा' हा उपदेश, स्पष्ट बोलायचे तर, शिकवणे टाळण्याची सभ्य तऱ्हा आहे. तो ऐकावा लागतो तो मराठी माध्यमाच्या मुलांना, आणि ती आपली भाषा हाच आपला दोष समजू लागतात.

त्या विद्यार्थिनीला आम्ही 'ते' आणि 'तरी' यांची गोष्ट सांगितली. तिने वहीत चार वाक्ये लिहिली, दोन ठिकाणी 'दॅट' स्वतःच खोडला, आणि विचारले, "पण सर, 'इफ'नंतर 'देन' लिहिले तर कोणी कापत नाही. मग 'बट'च का कापतात?" 'देन' हे क्रियाविशेषण आहे, आपल्या 'तर'सारखे, ते दोन समान उपवाक्ये जोडण्याचा हक्क सांगत नाही. हे उत्तर द्यायला आम्हांला दोन मिनिटे लागली. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना तिने हाच प्रश्न आधी विचारला होता. तेथे तिला सांगण्यात आले की, नियम तसा आहे.