राजवाड्याची बाग कोणाची?

काही मुले म्हणतात, राजवाडा म्हणजे मोठ्या लोकांची जागा, आपण बाहेरूनच बघायची. मला हे पटत नाही. बाग सगळ्यांना बघायला मिळाली पाहिजे आणि ती राखणाऱ्याला सगळ्यात आधी. हे माझे मत आहे.

यंदा आमची सहल पुण्याला गणेशखिंडीत गेली. तिथे आता विद्यापीठ आहे. पूर्वी तिथे मुंबईचा गव्हर्नर राहायचा. गव्हर्नर म्हणजे इंग्लंडच्या राणीचा इथला कारभारी. लोक त्याला लाटसाहेब म्हणत. तो एरवी मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. एका माणसाला तीन घरे!

गुरुजींनी सांगितले की, या वाड्याचे बांधकाम १८६४ साली सुरू झाले आणि १८७१ साली पुरे झाले. इमारत दगडी आहे. मनोरा ८० फूट उंच आहे. वर बघून बघून आमच्या माना दुखल्या. समोर हिरवळ आणि फुलांचे ताटवे आहेत. आवारात वडाची लई जुनी झाडे आहेत. त्यांच्या पारंब्या जमिनीला टेकल्यात. भर दुपारी डबा खाताना आम्हांला ऊन लागले नाही.

पण नुसती फुले बघून यायचे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या वारल्या. पुढे २२ जूनला याच वाड्यात राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून मोठा समारंभ झाला. गावात माणसे मेलेली आणि इथे मेजवानी! त्या रात्री परत जाताना प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली. झाडणारे चापेकर बंधू आपल्या शेजारच्या चिंचवडचे. त्यांना फाशी झाली.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली इथे विद्यापीठ सुरू झाले. २०१४ साली त्याला सावित्रीबाईंचे नाव दिले. हे मला फार आवडले. जिथे लाटसाहेब जेवायचा तिथे आता शेतकऱ्याची मुलगीसुद्धा शिकायला जाते.

आता आमच्या घरचे सांगतो. माझी आई एका कंपनीच्या बागेत खुरपणीला जाते. तिथली हिरवळ तिने राखली आहे. पण सुट्टीच्या दिवशी आम्ही गेलो तर वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो. गवत काढायला आई चालते, मग बसायला का नाही? लाटसाहेबाच्या वेळी माळ्याच्या मुलांना असेच हाकलत असतील.

कोणी म्हणेल, सगळ्यांना आत सोडले तर बाग खराब होईल. पिशव्या टाकतील, झाडावर नावे कोरतील. हे खरे आहे. पण त्याला उपाय कुलूप नाही. नियम सांगावा आणि मोडणाऱ्याला झाडाला पाणी घालायला लावावे. आमच्या सहलीत पन्नास मुले होती. माळीकाकांनी एकदाच सांगितले, तर कोणी फूल तोडले नाही. जो पाणी घालतो तो फूल तोडत नाही, असे आई म्हणते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, पुढची सहल रविवारी काढावी आणि पालकांनाही न्यावे. माझ्या आईने अजून ती बाग बघितली नाही. दोन, आपल्या शाळेत नळाचे पाणी वाया जाते, तिथे प्रत्येक वर्गाने एक वाफा करावा. जास्वंद, झेंडू, सदाफुली लावावी. एक वडाची फांदीही लावावी. ती मोठी होईल तेव्हा आपण शाळेत नसू, पण पहिलीतल्या मुलांच्या मुलांना सावली मिळेल. आणि त्या बागेच्या फाटकाला कुलूप नसावे.

पालकांनो, तुम्हांला पटले तर गुरुजींना सांगा.

इयत्ता चौथी