सामानगडाने दरवाजा का लावला?

शेतकऱ्यांच्या उठावाचा विषय निघाला की आमच्या शिबिरांतून वॅट टायलरचे नाव हमखास येते. १३८१ साली इंग्लंडातला शेतकरी डोईपट्टीविरुद्ध लंडनवर चालून गेला; राजाने वचने दिली, टायलर मारला गेला आणि वचने परत घेतली गेली. हे जरूर सांगावे. पण हुपरीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, त्या सामानगडाची हकीकत किती सभासदांना ठाऊक आहे?

१८३८ मध्ये बुवासाहेब महाराज वारले. वारस अल्पवयीन, दरबारात तट पडलेले. इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. गृहस्थ कामाचा होता, हे आम्ही नाकारत नाही. हिशेबाला शिस्त लावायची, हे त्याचे धोरण. पण गडकरी म्हणजे नुसता पगारी शिपाई नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या गड राखायचा आणि त्याबदली नेमून दिलेली जमीन वहिवाटायची, असा त्याचा हक्क. या जमिनींचा कारभार गडाकडून काढून मामलेदाराकडे देण्यात आला.

वरवर पाहता दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले, एवढेच. पण ज्याची भाकरी त्या जमिनीवर, त्याला पुढचे दिसते. आज मामलेदार मोजणार, उद्या सारा लावणार, परवा जमीनच जाणार! फेरफाराची नोटीस हातात पडून ज्याची झोप उडाली आहे, त्याला आम्ही हे समजावून सांगायला नको.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावहून फौज आली, ऑक्टोबरात सामानगड पडला. तोवर वणवा पन्हाळ्याला पोचला होता. साताऱ्याचा रेसिडेंट ओव्हान्स यालाच बंडवाल्यांनी धरून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबरला पन्हाळाही पडला, बाबाजी अहिरेकर तिथे कामी आले. उरलेले सावंतवाडीकडे गेले. १८४५ मध्ये तिथेही सारे थंडावले.

पदरात काय पडले? किल्ले निकामी केले, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, गडकऱ्यांची वंशपरंपरागत नोकरी मोडीत काढली. वर बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्या माथी मारला. संस्थानाचा पैसा म्हणजे कुणाचा? रयतेच्या साऱ्याचाच.

एकतीस वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात रयत उठली, तिच्याकडे किल्ला नव्हता. तिने सावकाराकडची कर्जखते मागितली आणि जाळली. नेमके दुखणे कुठे आहे, ते तिने ओळखले होते. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये कायदा झाला. सावकारी त्याने संपली नाही. पण खतावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ कर्ज किती, हे कोर्टाला तपासावे लागले.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणि आठ-अ बरोबर आणावा. इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचे नाव चढले आहे, ते तिथेच वाचून पाहू.