एका बैठकीचे भुयार

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. ‘मामा, आम्ही चौघं जायच्या आधी एकदा सगळे भेटतोय. शनिवारी, तुझ्याकडेच. काहीतरी क्लासिक लाव.’

हे बोलणे एखाद्या तिऱ्हाइताने ऐकले असते तर मंडळी जुना सिनेमा पाहायला जमणार आहेत असे त्याला वाटले असते. प्रत्यक्षात प्रश्न होता एका भुयाराचा. भाचा आणि त्याचे तीन मित्रमैत्रिणी गेली चार वर्षे माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळत आले आहेत. या खेळात पट नसला तरी चालतो, पत्ते नसतात, हार-जीत तर नसतेच. कागद, पेन्सिल आणि फासे एवढे पुरते. एकजण निवेदक होतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. निवेदक सांगतो, ‘समोर ओलसर भिंतींचा बोळ आहे, टोकाला बंद दार आहे. काय करता?’ मग जो तो आपल्या पात्राच्या वतीने बोलतो, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो.

हा खेळ जन्मला अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून त्याच्या पहिल्या हजार प्रती निघाल्या. शेजारचे मिनेसोटा हे आर्नेसनचे राज्य. मी १९८४ साली शिकायला तिथेच गेलो होतो. बाहेर बर्फ आणि आत वसतिगृहाच्या खोलीत चार टाळकी फासे घेऊन बसलेली, असे माझे शिक्षण झाले. तेच पुढे भाच्याकडे आले.

एरवी हा खेळ महिनोन् महिने चालतो. या वेळी मात्र एकच रात्र हाती होती. चौघांपैकी दोघे जर्मनीला निघाले होते, भाचा कॅनडाला आणि एकजण बंगळूरला. ‘पुढच्या वेळी पुढचे’ असे म्हणायची सोय उरली नव्हती. संध्याकाळी सातला बसायचे आणि बाराच्या आत कथा संपवायची. तेव्हा जुन्या, नावाजलेल्या साहसांपैकी कोणते लावावे?

प्रश्न वरवर पोरकट वाटेल. पण चार माणसांची शेवटची संध्याकाळ आपल्या निवडीवर अवलंबून असते, तेव्हा तो पोरकट राहत नाही. शिवाय या बाबतीत मी दोनदा सपशेल चुकलेलो आहे.

पहिली चूक कीर्तीला भुलून झाली. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे या खेळातले सर्वांत गाजलेले भुयार. गायगॅक्सने ते १९७५ साली बाल्टिमोर इथे भरलेल्या ‘ओरिजिन्स’ या खेळ-संमेलनातल्या स्पर्धेसाठी लिहिले आणि १९७८ साली ते पुस्तकरूपाने आले. आपली पात्रे अजिंक्य आहेत अशी घमेंड मारणाऱ्या खेळाडूंची जिरवावी, हा त्यामागचा एक उघड हेतू. सुरुवातीच्याच एका बोळाच्या टोकाला भिंतीवर राक्षसाचा हिरवा चेहरा आहे आणि त्याचे तोंड उघडे आहे. त्या तोंडात जो शिरतो तो कायमचा नाहीसा होतो. फासा टाकून वाचण्याची संधीही नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी हे भुयार मोठ्या दिमाखात लावले. अर्ध्या तासात आमच्या चमूतली मुलगी त्या तोंडात शिरली. नियम तो नियम, म्हणून मीही ताठ राहिलो. पुढचे तीन तास ती बिचारी सोफ्यावर फोन चाळत बसली. मध्ये एकदा उठून तिने सर्वांना चहा करून दिला. तो चहा मला आजही आठवतो.

दुसरी चूक नेमकी उलट्या टोकाची. ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे गायगॅक्सचेच साहस. नवशिक्यांच्या पेटीत ते १९७९ पासून मिळू लागले आणि कित्येकांनी खेळाचा श्रीगणेशा त्यावरच केला. सरहद्दीवर एक गढी आहे आणि जवळच्या दरीत नाना टोळ्यांच्या गुहा आहेत. गढीत सराय आहे, दुकाने आहेत, देऊळ आहे. एका संध्याकाळी मी ते लावले आणि आमच्या मंडळींनी गढीतच मुक्काम ठोकला. दोराच्या भावावरून घासाघीस झाली, सरायवाल्याशी गप्पा झाल्या, पुजाऱ्याचा संशय घेऊन झाला. साडेअकरा वाजले तेव्हा कुणी गुहेचे तोंडही पाहिले नव्हते. यात साहसाचा काही दोष नाही. ते आठवडेच्या आठवडे खेळण्यासाठी लिहिलेले आहे आणि त्या कामी उत्तमच आहे.

या दोन फजित्यांतून मी एक गोष्ट शिकलो आणि तेच माझे या लेखातले म्हणणे आहे. एका बैठकीचा खेळ म्हणजे लांबलचक खेळाची पहिली बैठक नव्हे. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांत वाढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. तीन अंकी नाटकाचा पहिला अंक उचलून सादर केला तर ती एकांकिका होत नाही. एकांकिकेला आपला स्वतःचा शेवट लागतो, आणि पडदा पडायच्या वेळेला तो गाठावाच लागतो. म्हणून एका रात्रीसाठी साहस निवडताना त्याची कीर्ती नंतर पाहावी. आधी पाहावे ते इतकेच, की शेवट आपल्या हाताच्या अंतरावर आहे का, आणि तिथवर सगळे पोचतील का?

यावर जाणकार म्हणतील, की जुन्यांतली बरीचशी साहसे मुळात एका बैठकीच्या स्पर्धेसाठीच लिहिलेली आहेत, मग अडचण कसली? हे खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. संमेलनातल्या स्पर्धेत अनेक चमू एकच भुयार खेळत आणि कोण कुठवर पोचला यावरून क्रम लागत. तिथे मधेच मरणे हा निकालाचा भाग होता. शेवटच्या दालनात कुणीच पोचले नाही तरी स्पर्धा यशस्वी! आपल्या टेबलाभोवती स्पर्धा नसते. तिथे चार मित्र असतात आणि त्यांतला एक जरी तीन तास सोफ्यावर बसला तरी ती रात्र फसली.

आता थोडे गणित करू. सात ते बारा म्हणजे पाच तास. त्यांतला पहिला पाऊण तास गप्पांत आणि पात्रे ठरवण्यात जातो. जेवणाचा एक तास धरा, कारण आपल्याकडे जेवण वीस मिनिटांत उरकत नाही. शेवटचा अर्धा तास अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवायचा. उरले पावणेतीन तास. माझ्या अनुभवात एका दालनाला, म्हणजे एका कोड्याला, सापळ्याला किंवा लढाईला, सरासरी अर्धा तास लागतो. म्हणजे पाच दालने झाली. ज्या साहसात पंचवीस दालने आहेत ते एका रात्रीत मावत नाही, मग ते कितीही थोर असो.

या हिशेबात बसणारे म्हणून मी निवडले ‘व्हाइट प्लूम माउंटन’. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. लॉरेन्स शिक नावाच्या तरुणाला खेळाच्या प्रकाशन संस्थेत नोकरी हवी होती. नमुना म्हणून त्याने आपल्या उत्तमोत्तम कल्पना एका भुयारात ठासून भरल्या आणि ते पाठवून दिले. नोकरी मिळाली आणि १९७९ साली अर्जाचेच पुस्तक झाले! मागचापुढचा संदर्भ न देता प्रत्येक दालनात काहीतरी नवे दाखवायचे, ही अर्जदाराची घाई एका रात्रीच्या खेळाला मात्र फार मानवते.

कथा दोन ओळींत सांगता येते. धुराचा पांढरा तुरा मिरवणारा एक ज्वालामुखी आहे. तेराशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला केराप्टिस नावाचा मांत्रिक त्याच्या पोटात आहे म्हणतात. शहरातून तीन जादूची शस्त्रे चोरीला गेली आहेत, एक त्रिशूळ, एक हातोडा आणि एक काळी तलवार. मालकांना डिवचणारे पत्र आले आहे, की हिंमत असेल तर येऊन घेऊन जा. मंडळींनी आत शिरायचे, एवढेच. गढी नाही, सराय नाही, दोराचा भाव नाही.

आणि खरी सोय पुढेच आहे. आत गेल्यावर थोड्याच अंतरावर एक स्फिंक्स वाट अडवून कोडे घालते आणि तिथून तीन वाटा फुटतात. प्रत्येक वाटेच्या शेवटी एकेक शस्त्र आणि त्याचा राखणदार. तेव्हा तिन्ही वाटा खेळायचा अट्टहास सोडला तर एक वाट म्हणजे एका रात्रीचे आटोपशीर भुयार. मी हातोड्याची वाट घेतली आणि उरलेल्या दोन्ही वाटांवर दरड कोसळली आहे असे ठरवून टाकले.

या वाटेवर एका दालनात पाच अजस्र पुतळे उभे आहेत. त्यांच्या छातीवर आकडे आहेत, ५, ७, ९, ११ आणि १३. ते म्हणतात, आमच्यातला एक इतरांत बसत नाही. ओळखलात तर तो तुमची सेवा करील, चुकलात तर सगळे मिळून मारू. वाचकांनी चहा संपेपर्यंत विचार करून पाहावा. त्यापुढे उकळत्या चिखलाचे दालन आहे. छतापासून साखळ्यांनी लाकडी चकत्या टांगल्या आहेत आणि त्यांवरून उड्या मारत पलीकडे जायचे आहे. मध्ये दोन गरम फवारे आपापल्या ठरल्या वेळाने उसळतात. आणि पलीकडे शवपेटीत हातोड्याचा राखणदार, एक व्हँपायर. चार-पाच दालने, आणि प्रत्येकात वेगळ्या माणसाला भाव खाता येतो. गणितवाल्याला कोडे, धाडसी माणसाला चिखल, योद्ध्याला शेवटची लढाई.

शुद्धतावादी म्हणतील, अभिजात कृतीचे असे लचके तोडू नयेत. मला हा आक्षेप कळतो. पण नाटकवाली मंडळी जुनी पाच अंकी नाटके रात्रभर न करता आटोपशीर करून आज करतातच की, आणि म्हणूनच ती आपल्याला पाहायला मिळतात. कपाटात पूर्ण ठेवण्यापेक्षा टेबलावर अर्धे पण शेवटासकट खेळलेले बरे. शिवाय मूळ कुठे पळून जात नाही. २०१७ साली ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ या संग्रहात हे साहस नव्या नियमांनिशी पुन्हा छापले गेले. ज्याला सगळे हवे त्याने ते सवडीने खेळावे.

अर्थात सर्वांना हेच मानवेल असे नाही. ज्यांना केवळ सुटकेचा थरार हवा त्यांनी ‘हिडन श्राइन ऑफ टामोआचान’ पाहावे. तेही १९७९ च्या ‘ओरिजिन्स’मधले. त्यात पात्रे मध्य अमेरिकी धाटणीच्या एका जुन्या मंदिराच्या तळाशी अडकतात, खाली विषारी वायू असतो आणि वर येऊन बाहेर पडणे हेच ध्येय. शेवट काय, हे पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना ठाऊक. भयकथेची आवड असेल तर ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचे ‘रेव्हनलॉफ्ट’ आहे, १९८३ चे. त्यात पत्त्यांवरून भविष्य सांगितले जाते आणि कोणती वस्तू कुठे हे त्यावरून ठरते. कल्पना सुंदर, पण किल्ला अफाट. त्याला दोन रात्री द्याव्यात. आणि ‘टूम ऑफ हॉरर्स’च हवे असेल तर प्रत्येकाच्या हाती दोन-तीन पात्रे द्यावीत आणि मरायलाच आलो आहोत हे आधी सांगावे. मग त्यातही मजा आहे.

आणखी दोन गोष्टी निवेदकासाठी. पात्रे घरूनच तयार करून न्या, म्हणजे आकडेमोडीत रात्र जात नाही. आणि घड्याळ समोर ठेवा. साडेदहाला मंडळी जिथे असतील तिथून शेवटचे दालन पुढचे आहे असे खुशाल ठरवा. नकाशा तुमच्या हातात असतो, त्यांच्या नाही.

शनिवारी बरोबर हेच करावे लागले, कारण स्फिंक्सच्या कोड्यावर चाळीस मिनिटे गेली. मी एक दालन गाळले, कुणाला कळलेही नाही. पुतळ्यांपुढे मात्र फार वेळ लागला नाही. जिला मी दोन वर्षांपूर्वी सोफ्यावर बसवले होते, तीच म्हणाली, ‘मामा, नऊ. बाकीच्या मूळ संख्या आहेत, नवाला तीनने भाग जातो.’ पुतळा पुढे आला आणि तिच्या मागे चालू लागला. रात्रभर तिने त्याला हुकूम सोडून बेजार केले.

पावणेबाराला व्हँपायर पडला आणि हातोडा हाती आला. मग वाद सुरू झाला, तो मालकाला परत करायचा की ठेवून घ्यायचा? दोघे या बाजूचे, दोघे त्या. जिन्यात वाद चालू, खाली गाडीपाशी चालू. मी गॅलरीतून ‘शेजारी झोपलेत रे’ म्हणून ओरडलो.

आता चौघे चार गावी आहेत. परवा भाच्याचा फोन आला, तेव्हा तिकडचे हवापाणी विचारायच्या आधी मी विचारले, ‘हातोड्याचं काय ठरलं?’ म्हणाला, ‘अजून नाही. पण मामा, त्या दोन वाटांवरची दरड काढता येईल का रे?’