हरकत घेणे हाही हक्कच



आपली मुले ज्या गल्लीतून शाळेला जातात, तेथून अवजड मालमोटार कोणाच्या परवानगीने जाते, हे आपण कधी विचारले आहे काय? पुण्यातील नाना पेठ व भवानी पेठ हा मालवाहतुकीच्या धंद्याचा जुना भाग. आपल्या पुष्कळ कुटुंबांची वस्तीही तेथेच. आपण त्रास सोसतो आणि ‘आपले कोण ऐकणार?’ म्हणून गप्प बसतो. धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

कायदा नीट समजून घ्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक मालवाहतुकीच्या परवान्याचा अर्ज प्रसिद्ध करून लेखी निवेदने घेण्याची तरतूद होती. १९८८ च्या कायद्यात ती राहिली नाही. परवाना सहसा नाकारू नये, असाच आता दंडक आहे. ब्रिटनमध्ये मात्र मालमोटारींच्या तळाशेजारी राहणाऱ्यास जाहिरातीपासून २१ दिवसांत विरोध नोंदविता येतो.

मग आपले हात बांधले गेले काय? मुळीच नाही. परवान्यावर बोलता आले नाही, तरी रस्त्यावर बोलता येते. १९८८ च्याच कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर अवजड वाहनांना बंदी घालता येते. पुण्याचे वाहतूक पोलीस असे फेरबदल प्रथम तात्पुरते जाहीर करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवितात. ट्रकतळासाठी जागा विकास आराखड्यात राखली जाते. त्या आराखड्यावरही १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये मुदतीत हरकत घेता येते.

सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तो कागदावरच पडून होता. १९२७ साली बाबासाहेब आपल्या लोकांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. पुढे न्यायालयात दहा वर्षे झुंजून १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल मिळविला. न वापरलेला हक्क हा नसलेल्या हक्कासारखाच असतो.

मात्र एक विवेक राखा. गाडी हाकणारा आणि पोती वाहणारा हाही कष्टकरीच आहे, कित्येकदा आपल्याच घरचा. त्याची आजीविका सम्यक् आहे. आपला आक्षेप त्याच्या भाकरीवर नाही. गाडीच्या वेळेवर आणि मार्गावर आहे.

म्हणून पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक अर्ज लिहा. रस्ता, वेळ आणि अडचण नेमकी मांडा. स्त्रियांच्याही सह्या घ्या. अर्ज मुदतीत द्या आणि पोच जपून ठेवा. विनवणी नको, हक्काची भाषा वापरा.

जय भीम!