बॉल चालतो, माणूस चालत नाही

पुनावळ्यात आज जिथं टॉवर उभे आहेत, तिथं काल आमच्या आया दुसऱ्याच्या रानात खुरपत होत्या. त्यातल्या एका सोसायटीत बास्केटबॉलचं कोर्ट आहे. आमच्या वस्तीतला एक पोरगा तिथं कोच आहे. जिल्ह्यापर्यंत खेळलेला. सोसायटीची पोरं त्याला 'सर' म्हणतात. पण तहान लागली की सरांनी पाणी वॉचमनच्या केबिनमध्ये प्यायचं. क्लबहाऊसात नाही.

परवा त्याच्या दारात एका मोठ्या पक्षाचा माणूस आला. म्हणाला, वॉर्ड राखीव आहे, तुला सगळे ओळखतात, उभा राहा. समोर कोण? आपल्याच चळवळीचा कार्यकर्ता.

पोरगा मला विचारतो, "दादा, काय करू?"

गड्या, तुझा प्रश्न जुना आहे. याच पुण्यात बाळू पळवणकर नावाचा चांभाराचा पोर इंग्रजांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर राबत होता. पीच तयार करायची, नेट लावायची आणि साहेबांना तासन् तास बॉल टाकायचे. साहेब त्याच्यावर बॅटिंग शिकले. त्याच्या हातात मात्र बॅट दिली नाही. हिंदूंच्या टीमला जिंकायचं होतं म्हणून त्यांनी त्याला घेतलं. मैदानात त्याने टाकलेला बॉल सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी तोच बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचं भांडं! बॉल विटाळत नव्हता, कपबशी विटाळत होती. व्वा रे धर्म!

1906 साली याच बाळूच्या जोरावर हिंदूंनी गोऱ्यांना 109 धावांनी लोळवलं. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 विकेट काढल्या. आणि कप्तानपद? ते वरच्या जातीचं वतन! 1920 साली बाळूला टीममधून काढलं तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम अंग झटकून बाहेर पडले. 1923 साली विठ्ठल कप्तान झाला. ते कुणाच्या दयेनं नाही, भांडून.

तरुण बाबासाहेबांना या बाळूचा अभिमान होता. पण 1932 साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू गांधींच्या बाजूनं उभा राहिला. 1937 साली मुंबईत काँग्रेसनं त्यालाच बाबासाहेबांच्या समोर उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. ज्यांनी त्याला टीमचा कप्तान केलं नाही, त्यांना बाबासाहेबांना अडवायला मात्र बाळूच सापडला! मी बाळूवर थुंकणार नाही. त्याच्या बोटांनी आपल्याला इज्जत दिली. पण त्याला नेटमध्ये वापरलं तसंच मतपेटीतही वापरलं, हे मी गिळणार नाही.

आता तुझ्या खेळातला माणूस बघ. बिल रसेल, अमेरिकेतला काळा. 1961 साली लेक्सिंग्टन गावात काळ्या खेळाडूंना हॉटेलात खायला दिलं नाही. रसेल आणि त्याचे काळे साथीदार मॅच न खेळता घरी परतले. पैसा गेला तरी चालेल, पण उष्टं खाणार नाही. मिसिसिपीत मेडगर एव्हर्सचा खून झाल्यावर तो तिथं गेला आणि काळ्या-गोऱ्या पोरांना एकाच कोर्टावर बास्केटबॉल शिकवला. जिवावरची जोखीम होती. 1966 साली तो बोस्टनचा कोच झाला, त्या लीगमधला पहिला काळा कोच. 1968 आणि 1969 साली स्वतः खेळत, शिकवत अजिंक्यपद आणलं. याला म्हणतात कोचिंग. याला म्हणतात राजकारण.

म्हणून सांगतो, त्या पक्षवाल्याला विचार: तिकीट देताय, पण उमेदवार कोण ठरवणार, अजेंडा कोण लिहिणार? मी की तुम्ही? आणि क्लबहाऊसातल्या पाण्याचं काय? उत्तर आलं नाही तर दार लाव.

सोसायटीची नोकरी सोडू नकोस, पोट आहे. पण त्या केबिनमधलं पाणी उद्यापासून पिऊ नकोस. क्लबहाऊसात जा, ग्लास उचल. अडवलं तर आम्ही पन्नास जण गेटवर येतो. आणि संध्याकाळी वस्तीत ये. खांबाला लोखंडी रिंग ठोकू. आमच्या पोरापोरींना शिकव. नुसता बॉल टाकायला नाही, कप्तान व्हायला.

जय भीम!